साठ मैलांची रेघ

१

विमान चालवायला शिकणाऱ्याचे पहिले चार महिने पेन्सिलला टोक काढण्यात जातात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर येताना निदान बरी पेन्सिल तरी घेऊन आले असते.

आमच्या उड्डाणशाळेची इमारत दुमजली, धावपट्टीला लागून. वरच्या मजल्यावर नेव्हिगेशनची खोली. मधोमध पिंगपाँगच्या टेबलाएवढं टेबल, त्यावर मऊ बोर्ड, आणि बोर्डावर चिकटवलेला आसपासच्या शंभर मैलांचा नकाशा. एकच खुर्ची. खुर्चीसमोर भिंतीवर घड्याळ, उजव्या हाताला रेडिओ, पाठीमागे खिडकी. खिडकीतून धावपट्टी दिसते, पण खुर्चीवर बसलेल्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. मुद्दामच तशी मांडणी केली आहे.

या खुर्चीवर पाळीपाळीनं एकेक विद्यार्थी बसतो. त्याला आम्ही 'टेबल' म्हणतो. "आज टेबल कोण?" असं सकाळी नाश्त्यालाच विचारलं जातं. जो एकटा विमान घेऊन जाईल, तो निघताना आपला आराखडा टेबलाकडे ठेवतो: कुठून कुठे, कोणत्या दिशेनं, किती वेगानं. आमची विमानं तासाला शंभर मैल जातात, म्हणजे सहा मिनिटांत दहा. टेबलानं दर सहा मिनिटांनी हिशेब करायचा, नकाशावर पेन्सिलीनं बारीक खूण करायची आणि त्या विमानाची रंगीत पिन तिथं टोचायची. विमान उतरलं की पिन डबीत. आमच्याकडे रडार नाही. नुसतं घड्याळ आणि गणित.

"विमान कुठे आहे ते शोधत बसायचं नाही," मास्तर पहिल्याच तासाला म्हणाले. "ते कुठे असायला हवं, हे ठाऊक पाहिजे. आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. हा क्रम उलटा केलात की गेलात."

क्रम का, तेही त्यांनी सांगितलं. खाली तळं दिसलं म्हणून नकाशात तळं शोधायला जावं, तर नकाशात तळी ढिगानं. त्यातलं एखादं जुळतंच. मग त्याच्याशेजारचा रूळ जुळतो, पूल जुळतो, आणि माणूस खुशाल पन्नास मैल भलतीकडे जातो. "घाबरलेल्या माणसाला सगळं जुळतं," मास्तर म्हणाले.

मला हे सगळं मनापासून आवडलं. कॉलेजची तीन वर्षं मी ओळखीपाळखीनं लागलेले निकाल आणि गोल गोल बोलणारे प्राध्यापक पाहिले होते. इथं तसं काही नव्हतं. कोन एक तर बरोबर असतो, नाही तर चूक.

माझ्या पहिल्या पाळीच्या दिवशी हवेत दोन विमानं होती. नकाशावर पिना तीन होत्या.

२

"तो पाहुणा," माझ्याआधी टेबल असलेला मुलगा उठता उठता म्हणाला. "काळ्या टोपीची पिन. त्यालाही सरकवायचं."

"कोण उडवतंय?"

"कोणी नाही गं. सराव असतो तो. वहीत सगळं लिहिलंय." मग दाराशी थांबून म्हणाला, "आणि पुढचा येऊन बसेपर्यंत खुर्ची सोडू नकोस. बाथरूमला जायचं तर आत्ताच जाऊन ये, मी थांबतो."

काळ्या पिनेचं काम सोपं होतं. नकाशावर पश्चिमेला सिमेंटच्या बंद पडलेल्या कारखान्याची चिमणी आहे. इथून बरोबर साठ मैल. सगळे विद्यार्थी परतीची शेवटची रेघ तिथूनच धरतात, कारण ती चिमणी आकाशातून चुकूनही चुकत नाही. पाहुणा चिमणीवरून निघायचा, सहा खुणांमध्ये साठ मैल जायचा, पण विमानतळावर यायचा नाही. त्याची रेघ विमानतळाच्या उत्तरेला, उघड्या माळावर संपायची. विमानतळ सापडला नाही, म्हणून नियमाप्रमाणे शेवटच्या खात्रीच्या खुणेकडे परत फिरायचं. पुन्हा सहा खुणा, पुन्हा चिमणी. चिमणीवरून पुन्हा घरची वाट. पुन्हा तोच माळ.

दिवसभर हेच. संध्याकाळी उड्डाणं संपली की पिन असेल तिथं ठेवायची. सकाळी तिथूनच पुढे.

ती रेघ इतक्यांदा पुसून ओढली होती की तिथं कागद खोल गेला होता. पेन्सिल टेकवली की आपोआप त्या खाचेत उतरायची. मला काही करावंच लागत नव्हतं.

वहीत रकाने होते. वेळ, दिशा, वेग, वारा, शिल्लक इंधन. पाहुण्याच्या ओळींत शेवटचा रकाना सगळीकडे कोरा. दुपारी मास्तर आले तेव्हा मी विचारलंच.

"मास्तर, याचं पेट्रोल?"

"ते लिहायचं नसतं."

"पण साडेचार तासांच्या वर आपलं विमान हवेत राहत नाही. हा किती वर्षं उडतोय?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. साठीचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम तीन पेन्सिली. "अकरा," ते म्हणाले. "खुणेची वेळ झाली. तू बोलतेस फार, घाई."

घाई हे माझंच नाव. त्यांनीच ठेवलं होतं.

३

माझी धाकटी बहीणही याच शाळेत होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि विमानात माझ्यापेक्षा चार पटींनी चांगली. मला गणित यायचं, तिला हात होता. बाबा लेथवर काम करतात. ते म्हणायचे, "मोठी ड्रॉइंग काढेल, धाकटी मशीनवर जॉब फिरवेल, मी नुसता बसून चहा पिईन."

तिसऱ्या पाळीला मला चूक सापडली.

पाहुण्याची दिशा पानोपानी एकच होती: शून्य सहा एक. मी कंटाळून कोनमापक लावला. चिमणीपासून विमानतळाचा कोन नकाशावर सत्तर अंश. पण नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर एक नसतात. आमच्या भागात त्यांत नऊ अंशांचा फरक आहे, पश्चिमेकडे. पश्चिमेचा फरक मिळवायचा, पूर्वेचा वजा करायचा. पहिल्या आठवड्यात हे शिकवतात आणि पहिल्या आठवड्यात सगळे इथंच चुकतात. सत्तर अधिक नऊ, एकोणऐंशी. वैमानिकानं होकायंत्रावर शून्य सात नऊ धरायला हवं होतं. वहीत कुणीतरी नऊ वजा केले होते.

नऊ हवे होते एका बाजूला, गेले दुसऱ्या बाजूला. फरक अठरा अंशांचा. साठ मैलांच्या वाटेवर एक अंश चुकला की एक मैल बाजूला पडतो. अठरा अंश, अठरा मैल. मी पट्टी ठेवली. विमानतळापासून त्या माळापर्यंत बरोबर अठरा मैल होते.

मला हसू आलं, मग राग आला. अकरा वर्षं, शंभर-दीडशे विद्यार्थी. सगळे पुढे जाऊन माणसांनी भरलेली विमानं उडवणार. आणि एकानंही मान वर करून म्हटलं नाही की हे चूक आहे! आधीच्यानं गिरवलं म्हणून मी गिरवतो. आपल्याकडे सगळं असंच तर चालतं.

रात्री जेवताना धाकटीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुला ना, देवळात नेलं तरी तू घंटा तिरकी लटकलीय म्हणून भांडशील."

"अगं, पण चूक आहे ती!"

"असू दे की. त्या विमानात कोणी बसलंय का? माझी परवा सोलो आहे. तीन टप्पे, पहिल्यांदाच एकटी. त्यात तूच टेबल आहेस. माझ्याकडे लक्ष ठेव. त्या पाहुण्याचं लग्न लावायचं ते नंतर लाव."

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना गाठलं. वही उघडून दाखवली. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"मग?"

"रेघ आहे तशी चालव."

"का पण? चुकीचं गणित रोज मुलांच्या हातून गिरवून घ्यायचं?"

"घाई," ते म्हणाले, आणि वही मिटून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "उद्या मी तालुक्याला परीक्षेच्या कामाला आहे. तू टेबल आहेस. रेघ आहे तशी चालव. हे मी तुला सांगत नाही, विनवतोय."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा अहंकार. चूक बहुतेक त्यांचीच असणार.

४

धाकटी आठ चाळीसला उडाली. हिरवी पिन. त्या दिवशी हवेत ती एकटीच होती. वारा पडलेला, आकाश लख्ख. अठ्ठेचाळीस मिनिटांचे दोन टप्पे, मग दहा सोळाला चिमणी, आणि दहा बावन्नला घरी. प्रत्येक ठिकाणाहून तिनं वेळेवर कळवलं. एका सेकंदाची तिची चूक नव्हती.

दहा बाराला काळी पिन चिमणीवर पोचली.

मी वहीत लिहिलं: शून्य सात नऊ.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं. मग पट्टी ठेवली आणि चिमणीपासून विमानतळापर्यंत नवी रेघ ओढली. कोऱ्या कागदावरून पेन्सिल सरसर गेली. मला खरंच बरं वाटलं. एखाद्याला अकरा वर्षांनी कुणीतरी नीट वाट सांगावी, तसं.

दहा अठराला पहिली खूण केली आणि पिन टोचली. ती न दाबताच आत गेली.

मी पिन काढून पाहिली. तिथं आधीच भोक होतं.

असू शकतं. इतक्या वर्षांत कुणाचीही पिन तिथं टोचली गेली असेल. सगळ्यांची परतीची वाट हीच. मी दुसऱ्या खुणेची जागा मोजली आणि वाकून पाहिलं. भोक होतं. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक ठिकाणी एकेक, बरोबर मोजलेल्या जागी. विमानतळाच्या टिंबावर, सहाव्या खुणेच्या जागी, कागद कोरा होता.

रेडिओ खरखरला. "टेबल, चिमणी दहा सोळाला सोडली. शून्य सात नऊ. सगळं छान." आणि मग तिच्या घरच्या आवाजात, "ताई, माझ्या पुढे कोण आहे गं?"

"पुढे कोणी नाही. तू एकटीच आहेस."

"आहे की. आपल्याच रंगाचं आहे. माझ्याच उंचीवर, सहा-सात मैलांवर असेल. बरोब्बर माझ्याच वाटेवर चाललंय."

मी नकाशाकडे पाहिलं. काळी पिन हिरवीच्या पुढे होती. चार मिनिटं. सहा मैल आणि थोडं जास्त.

५

डोकं थंड ठेवायचं, असं शिकवलेलं असतं. मी ठेवलं. शेजारच्या क्लबची विमानंही कधी कधी चिमणीवरून जातात. त्यांचाही रंग पांढराच.

"त्याच्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "आपली दिशा धर."

"धरलीय. पण बरं वाटतं ना कोणी पुढे असलं की."

दहा चोवीस. दहा तीस. मी खुणा करत गेले. दुसरं काय करणार? पिना आपापल्या भोकांत जात होत्या. खोलीत घड्याळाचा काटा वाजत होता, तो मला आधी कधी ऐकू आला नव्हता. मी टेबलाखालचा जुन्या वह्यांचा गठ्ठा ओढला आणि अगदी तळातल्या वहीचं पहिलं पान उघडलं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पानावर, मास्तरांच्या बारीक तिरप्या अक्षरात, पहिली दिशा लिहिली होती: शून्य सात नऊ.

खाली पाच खुणांच्या पाच ओळी. पाचव्या ओळीवर पेन्सिलीनं इतक्या जोरात काट मारली होती की कागद फाटला होता. त्याखाली 'परत चिमणी'. त्याखाली शून्य सहा एक, शून्य सहा एक, शून्य सहा एक, पान भरून.

म्हणजे चूक झालेली नव्हती. चूक केली होती.

दहा बेचाळीसला मी पाचवी खूण केली. पाहुणा दहा मैलांवर होता. खिडकीत दुर्बीण असते. मी खुर्ची न सोडता वळले, हात लांब करून ती घेतली आणि आकाशाच्या त्या भागाला लावली.

दहा मैलांवरचं आमचं विमान दुर्बिणीतूनही जेमतेम टिंबाएवढं दिसतं. आतला माणूस दिसणं शक्य नाही. हे मी आजही कागदावर मांडून दाखवीन.

विमानाचा पंखा फिरत नव्हता. काचेच्या आत कुणीतरी मांडीवरच्या नकाशावर वाकून बसलं होतं. मग त्यानं मान वर केली. घड्याळाकडे नाही, जमिनीकडे नाही. सरळ माझ्याकडे. चेहरा कसा होता ते मी सांगू शकत नाही, कारण तो अजून ठरला नव्हता. तो कुणाचा तरी व्हायला धडपडत होता. आणि माझ्याकडे बघताच त्याला कुणाचा व्हायचं ते सापडायला लागलं.

मी दुर्बीण टाकली. पेन्सिल उचलली. ओळीवर काट मारली आणि लिहिलं: परत चिमणी. नकाशावर रेघ उलटी वळवली. हे सगळं दोन सेकंदांत झालं. त्या दोन सेकंदांत मला बहीण आठवली नाही.

"ताई," रेडिओवर ती म्हणाली, "तो वळला. माझ्याकडे येतोय."

"उजवीकडे हो. लांब जाऊ दे त्याला."

"गेला बाजूनं. अगदी जवळून." ती हसली. "ताई, त्यानं हात केला."

"दिशा सांग."

"वळतेय मी."

"वळू नकोस! शून्य सात नऊ धर. दहा मिनिटांत तू इथं आहेस. घड्याळ बघ, नकाशा बघ—"

"अगं, पण विमानतळ तिकडेच आहे. दिसतोय मला. पाण्याची टाकी, रूळ, हँगर. तुझी खिडकी पण दिसतेय, ताई. तू उभी आहेस ना?"

मी बसलेली होते.

"खाली बघू नकोस," मी ओरडले. "आधी घड्याळ! धाकटे, घड्याळात किती वाजले, तेवढं सांग!"

"सगळं जुळतंय," ती म्हणाली. तिचा आवाज फार आनंदात होता. "सगळं अगदी जुळतंय."

६

एक वाजून दहा मिनिटांनी तिचं इंधन संपायला हवं होतं. तोवर तीन विमानं शोधायला गेली होती. चिमणीपासून धावपट्टीपर्यंतची सगळी जमीन पालथी घातली. काही नाही. पानसुद्धा हललेलं नाही.

आई-बाबा आले. आई हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना धीर दिला. इथं ती वसतिगृहातल्या धाकटीच्या पलंगावर बसून चादरीची घडी घालायची आणि मोडायची. बाबा मला एवढंच म्हणाले, "तू होतीस ना तिथं?" रागानं नाही. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी परत खोलीत गेले. मास्तर खुर्चीवर बसून खुणा करत होते. काळी पिन आणि तिच्यामागे चार मिनिटांवर हिरवी. दोन्ही जुन्या रेघेवर, माळाच्या दिशेनं.

"हिरवी काढा," मी म्हटलं. "ती नाहीये तिथं."

"मग कुठे आहे?"

मी हिरवी पिन उपटायला हात पुढे केला.

"खूण केली नाही, तर ती कुठेच नसेल," मास्तर म्हणाले. "एवढंच मला अकरा वर्षांत कळलं. याहून जास्त विचारू नकोस, मला माहीत नाही." घड्याळाकडे बघत त्यांनी पिन सरकवली. "माझा धाकटा भाऊ होता पाहुण्याच्या मागे. मीही तुझ्यासारखाच पाचव्या खुणेला घाबरलो."

"त्याची पिन कुठाय?"

त्यांनी काळी पिन अलगद वर उचलली. तिच्या दांडीला चिकटून, टोपी झिजून गेलेली, दुसरी एक बारीक पिन होती.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "टेबल, चिमणी सोडली. घरी निघाले. सगळं छान."

तिचाच आवाज. ताजा, कालपरवाचं काही घडलंच नसल्यासारखा. मी झडप घालून बटण दाबलं, हाका मारल्या. ती ऐकत नव्हती. चिमणीवरून निघताना बोलायचं तेवढं ती बोलली, संपलं.

"दर खेपेला बोलते," मास्तर म्हणाले. "माझाही बोलायचा. पहिली दोन वर्षं. मग एकेक शब्द कमी होत गेला. मग नुसता बटणाचा आवाज. आता तोही नाही."

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी कुणालाच टेबलावर बसू दिलं नाही. सकाळी मी, दुपारी ते. शाळेनं काही म्हटलं नाही. मुलांना ती खोली नकोच झाली होती. दर बहात्तर मिनिटांनी काळी पिन चिमणीवर यायची आणि माझ्या हातात पेन्सिल असायची. नऊ मिळवायचे की वजा करायचे? बस, एवढंच. जगातली सगळ्यात सोपी बेरीज. मिळवले तर धाकटी छत्तीस अधिक चार, चाळीस मिनिटांत घरी. पण तिच्या पुढे तो.

मी वजा करत राहिले. माझ्या हातानं, मोठ्या स्वच्छ अक्षरात: शून्य सहा एक. ज्यांच्यावर मी एवढी चिडले होते त्या दीडशे जणांनी निदान न समजता लिहिलं होतं.

७

नवव्या दिवशी सकाळी दहा सोळाला ती म्हणाली, "टेबल, चिमणी सोडली. निघाले. सगळं छान."

'घरी' हा शब्द नव्हता.

मी पुढच्या खेपेची वाट पाहिली. अकरा अठ्ठावीस. "टेबल, चिमणी सोडली. निघाले." मास्तर माझ्या शेजारी उभे होते, त्यांची पाळी सुरू व्हायला वेळ होता, पण हल्ली ते लवकर येऊन उभे राहायचे.

"तुमच्या भावाचा आवाज तर दोन वर्षं टिकला होता म्हणालात," मी म्हटलं.

ते खिशातल्या पेन्सिलीचं टोक बोटानं तपासू लागले.

बारा छत्तीसला काळी पिन चिमणीवर आली. मी वहीत लिहिलं: शून्य सात नऊ.

मास्तरांचा हात पुढे आला आणि माझ्या मनगटावर थांबला. म्हातारा हात, पेन्सिलीच्या शिशानं काळवंडलेला. मला वाटलं, आता ते पेन्सिल काढून घेतील. घेतलीही असती तर मी कदाचित रडून मोकळी झाले असते.

"सहावी खूण कुणी केलेली नाही," ते म्हणाले.

"मला अकरा वर्षं बसायचं नाहीये, मास्तर."

"काय येईल ते तुला माहीत नाही."

"तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?"

त्यांनी हात काढला. मग ते टेबलाला वळसा घालून माझ्या मागे, खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी मागे पाहिलं नाही.

बारा बेचाळीस. बारा अठ्ठेचाळीस. बारा चोपन्न. एक. धाकटीची हिरवी पिनही मी त्याच रेघेवर आणली, मागोमाग. रेडिओ गप्प होता. एक वाजून सहा मिनिटांनी पाचवी खूण. मास्तरांचा श्वास मागे अडकल्याचं मला ऐकू आलं. दुर्बीण त्यांच्या हातात होती. पेन्सिल माझ्या हातात होती, आणि हात काट मारायला आपोआप निघाला होता. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. सहा मिनिटं मी एका हातानं दुसरा हात धरून बसले.

"मास्तर, काय दिसतंय?"

"तू आपलं घड्याळ बघ."

एक वाजून बारा. मी सहावी खूण केली आणि काळी पिन विमानतळाच्या टिंबावर ठेवली. कागद कोरा होता. अंगठ्यानं दाबावं लागलं. जोर लावला तेव्हा ती कच्चकन आत गेली.

धावपट्टीवर चाकं टेकल्याचा आवाज आला. तो चिर्र असा बारीक आवाज, जो ऐकला की आम्ही सगळे नकळत हसतो. इंजिनाचा आवाज नव्हता. नुसती चाकं.

थोड्या वेळानं पुन्हा. तो मास्तरांचा भाऊ असेल, मी मनात म्हटलं. मग पहिल्या आवाजानंतर चार मिनिटांनी, मिनिटाचाही फरक न पडता, तिसऱ्यांदा. धाकटी. मी डोळे मिटले. तीन. हिशेब पुरा झाला.

मग चौथ्यांदा चाकं टेकली.

मग पाचव्यांदा. मग लागोपाठ, सहा, सात. मी मोजायचं थांबवलं, पण आवाज थांबले नाहीत.

"मास्तर?"

"आला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या तरुण माणसासारखा झाला होता. "अगं, आला तो. केसही तेवढेच आहेत." मग गोंधळून म्हणाले, "त्यातूनही तोच उतरतोय. आणि त्या पलीकडच्यातूनही."

मी वळले. धावपट्टीच्या कडेनं पांढरी विमानं ओळीत उभी होती, शेवटचं कुठे होतं ते दिसत नव्हतं. पहिल्याचं दार उघडलं आणि धाकटी खाली उतरली. तिनं उन्हासाठी कपाळावर हात धरला, खिडकीत मला शोधलं आणि हसली. तीच होती. पायातल्या बुटांची सुटलेली नाडीसुद्धा तीच.

मग दुसऱ्याचं दार उघडलं.